पहिला बजेट गेमिंग पीसी: पार्ट कोणत्या क्रमाने निवडायचे

ओळखीतली पोरं दुकानदाराच्या कोटेशनचा फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, 'दादा, हे ठीक आहे का?' बहुतेक कोटेशनं एकाच साच्यातली असतात. सगळ्यात वर आय-सेव्हन, मग ३२ जीबी रॅम, मग काचेचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट, आणि तळाशी उरल्यासुरल्या पैशांत बसवलेली एक ओळ: 'ग्राफिक्स कार्ड, ४ जीबी'. कंपनी नाही, मॉडेल नाही. गेम ज्याच्या जिवावर चालणार तो पार्ट हाच, आणि त्याची आठवण पैसे संपत आल्यावर होते.

घोळ क्रमाचा आहे. कोटेशनचा छापील फॉर्म प्रोसेसरपासून सुरू होतो, म्हणून आपणही तिथूनच सुरुवात करतो. खालचा क्रम वेगळा आहे. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची उघडू नका, आणि सगळ्या पायऱ्या संपेपर्यंत कुठल्याही दुकानात ॲडव्हान्स देऊ नका.

## पायरी १: कागद-पेन घ्या

तीन गोष्टी लिहायच्या.

पहिली, येत्या वर्षभरात खरोखर खेळणार आहात ते चार गेम. 'सगळेच' असं लिहिलंत तर कागद फाडून पुन्हा बसा. व्हॅलोरंटसारखे गेम ग्राफिक्स कार्डाला फार राबवत नाहीत, त्यांची भिस्त प्रोसेसरवर जास्त. सायबरपंक २०७७ किंवा रेड डेड रिडेम्प्शन २ यांचं उलटं. चारही गेम पहिल्या जातीचे असतील तर तुमचे बरेच पैसे वाचतील. फोनवरचेच गेम मोठ्या पडद्यावर खेळायचे असतील तर हा सगळा खटाटोप करूच नका.

दुसरी, घरात आधीपासून काय आहे: मॉनिटर, कीबोर्ड, माउस, हेडफोन, यूपीएस.

तिसरी, एकूण रक्कम. इथे घरोघरी गैरसमज होतो. बाबांच्या डोक्यातले साठ हजार म्हणजे टेबलावर चालू झालेला कॉम्प्युटर. मुलाच्या डोक्यातले साठ हजार म्हणजे नुसतं कॅबिनेट आणि आतला माल. मॉनिटर, यूपीएस, कीबोर्ड-माउस आणि विंडोजचा परवाना यांचा खर्च वेगळा मांडा आणि एकूणातून वजा करा. जे उरेल ते तुमचं खरं बजेट.

इशारा: 'विंडोज आम्ही फ्री टाकून देतो' म्हणजे बहुतेक वेळा क्रॅक केलेली कॉपी. तिच्यासोबत काय काय येतं ते टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. चार-पाचशे रुपयांत मिळणाऱ्या 'ओरिजिनल की'वरही विसंबू नका, त्या पुढे कधीही बंद पडू शकतात.

## पायरी २: मॉनिटर ठरवा

कार्डाच्या आधी मॉनिटर का? कारण कार्डाला किती काम पडणार हे पडदा ठरवतो. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६० बाय १४४० च्या पडद्यावर सुमारे ३६.९ लाख. म्हणजे तेच कार्ड, तोच गेम, पण काम जवळजवळ पावणेदोन पट. पहिल्या बजेट पीसीसाठी १०८०पी (म्हणजे १९२० बाय १०८०), २४ इंचांच्या आसपास, आयपीएस पॅनल आणि १०० हर्ट्झ (पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो तो आकडा) किंवा अधिक, एवढं पुरे. व्हॅलोरंटवाल्यांनी १४४ हर्ट्झच्या खाली उतरू नये.

घरात जुना, फक्त व्हीजीए पोर्ट असलेला मॉनिटर असेल तर लक्षात ठेवा: आजच्या ग्राफिक्स कार्डांना व्हीजीए नसतं. कन्व्हर्टर घेऊन काम भागेल, पण हा मॉनिटर पुढे बदलावा लागणार हे आत्ताच कागदावर लिहा.

## पायरी ३: ग्राफिक्स कार्ड

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. मॉनिटर वगैरे वगळून उरलेल्या बजेटपैकी ३५ ते ४० टक्के आधी बाजूला काढा. साठ हजार असतील तर २१ ते २४ हजार. ही रक्कम पुढच्या कुठल्याही पायरीत कमी करायची नाही.

आता मॉडेल. रकमेत बसणारी दोन-तीन कार्डं निवडा आणि तुमच्या यादीतल्या चार गेमवर, १०८०पी वर, नेमक्या त्याच कार्डाच्या चाचण्या बघा. सरासरी एफपीएसकडे, म्हणजे कार्ड सेकंदाला किती चित्रं काढतं त्याकडे, सगळे बघतात. तुम्ही '१ टक्का लो', म्हणजे सगळ्यात संथ क्षणांतला एफपीएस, हा आकडा बघा. गेम मधूनच अडखळतो का, ते त्या आकड्यावरून कळतं. सरासरी ९० आणि लो ३० असलेल्या कार्डापेक्षा सरासरी ७५ आणि लो ५८ असलेलं हाताला गुळगुळीत लागतं.

कमी पैशांत पहिल्यांदा बघावं असं एएमडीचं आरएक्स ६६००: ८ जीबी मेमरी, १३२ वॅट, एकच ८-पिन केबल. ते २०२१ सालचं आहे, त्यामुळे स्टॉक असेल तिथेच मिळेल. हात थोडा सैल असेल तर एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६०: ८ जीबी, ११५ वॅट, शिवाय डीएलएसएसची (एआयच्या मदतीने एफपीएस वाढवण्याची) सोय. इंटेलचं आर्क बी ५८० यात १२ जीबी मेमरी आहे आणि कागदावर ते सगळ्यात मोहक दिसतं. पण त्याला बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) 'रिसायझेबल बार' (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) सुरू असावाच लागतो, आणि हलक्या किंवा जुन्या प्रोसेसरसोबत त्याचा वेग बराच घसरतो. ज्यांचा प्रोसेसरच बजेटमधला असणार, त्यांनी ते घेण्यापूर्वी आपल्याच प्रोसेसरसोबतच्या चाचण्या शोधाव्यात.

नावांचे सापळे इथेच सगळ्यात जास्त आहेत.

'आरटीएक्स ३०५०' या एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं विकली जातात. ८ जीबीच्या कार्डात २५६० कोअर आणि १२८ बिटची मेमरी बस. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीच्या कार्डात २३०४ कोअर आणि ९६ बिटची बस. फरक फक्त दोन जीबीचा, असं समजून लोक फसतात. ६ जीबीचं कार्ड ७० वॅटवर, वेगळ्या केबलशिवाय चालतं. ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये घालायला ते उत्तम, नव्या गेमिंग पीसीसाठी दुसरं बघा.

आरएक्स ६५०० एक्सटी: ४ जीबी मेमरी आणि मदरबोर्डाशी बोलायला फक्त चार लेन. जुन्या, पीसीआय-ई ३.० च्या (कार्ड ज्या जोडणीवर चालतं तिची जुनी पिढी) बोर्डावर ते आणखी मागे पडतं.

'जीटी ७३०, ४ जीबी': आकडा चार आहे म्हणून भुलू नका. मेमरी किती, यावरून कार्डाची ताकद कळत नाही. टाकी मोठी असली म्हणून मोपेडची बुलेट होत नाही.

सेकंड-हँड बाजारात 'आरएक्स ५८०' फार फिरतं. त्यातली कित्येक कार्डं '२०४८ एसपी' प्रकारची असतात. मूळ आरएक्स ५८० मध्ये २३०४ शेडर (कार्डातले छोटे कोअर) असतात, यात २०४८. शिवाय अशी अनेक कार्डं क्रिप्टो मायनिंगमध्ये दिवस-रात्र राबून आलेली. सेकंड-हँड घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याच्या घरी किंवा दुकानात जा, कार्ड त्याच्याच पीसीवर लावायला सांगा, जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून शेडरची संख्या आणि मेमरी जुळवा, मग वीस मिनिटं एखादा जड गेम चालवून बघा. पडद्यावर रंगीत ठिपके, पंख्याचा खरखराट किंवा अचानक रीस्टार्ट यातलं एकही दिसलं तर नमस्कार करून निघा. वीस मिनिटं द्यायला जो कुरकुर करतो त्याच्याकडूनही घेऊ नका.

कार्डापुरते पैसेच नसतील तर: टाकाऊ कार्ड घेण्यापेक्षा काही महिने कार्डाशिवाय काढा. रायझन फाइव्ह ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं; व्हॅलोरंट आणि जुने गेम त्यावर निघतात. मात्र ते ग्राफिक्स रॅमच्याच वेगावर जगतं, म्हणून रॅमच्या दोन पट्ट्या लागतातच. एसएमपीएस (सगळ्या पार्टांना वीज पुरवणारा डबा) मात्र आत्ताच पुढच्या कार्डाच्या हिशोबाने घ्या.

तपासा: कागदावर कार्डाची कंपनी, पूर्ण मॉडेल, मेमरी, वॅट आणि लांबी मिलिमीटरमध्ये लिहिली? वॅट पुढच्या पायरीला लागणार, लांबी कॅबिनेटला.

## पायरी ४: एसएमपीएस, अर्थिंग आणि यूपीएस

सगळ्यात जास्त काटछाट याच पार्टवर होते, आणि जळताना बाकीच्यांना सोबत नेण्याची ताकदही यातच आहे.

हिशोब सोपा आहे. कार्ड १३२ वॅट, सहा कोअरचा साधा प्रोसेसर ८० च्या आसपास, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून ५०-६०. बेरीज पावणेतीनशेच्या घरात. क्षणिक उसळी आणि पुढचं अपग्रेड धरून चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस घ्या. या मशिनला ७५० ची गरज नाही.

'चांगल्या कंपनीचा' हे कसं ओळखायचं? अंगावरचं स्टिकर वाचा. मोठ्या अक्षरातला आकडा सोडा आणि '१२ व्होल्ट' या रकान्यातले अँपिअर बघा. त्याला १२ ने गुणा. प्रोसेसर आणि कार्ड या दोघांना वीज याच लाइनवरून मिळते. ५५० च्या बऱ्या एसएमपीएसवर ४० अँपिअरच्या वर आकडा असतो, म्हणजे ४८० वॅटपेक्षा जास्त. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या '४५० वॅट'च्या डब्यावर कधी १८ अँपिअर दिसतात. १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॅट. बाकीचे वॅट स्टिकरवरच राहतात.

'८० प्लस ब्रॉन्झ' हा शिक्का वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो. आतल्या मालाची खात्री त्यावरून मिळत नाही. वॉरंटी किती वर्षांची, आणि कार्डासाठी ६+२ पिनची केबल आहे का, हेही बघा. चार पिनच्या जुन्या कनेक्टरवरून ॲडॉप्टर लावून कार्ड चालवायला कुणी सांगितलं तर ऐकू नका.

इशारा: कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरातल्या त्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधला थोडा प्रवाह अर्थमधून जायला हवा. वाट नसली की तो पत्र्यावर साचतो. प्लगची मोठी, अर्थची पिन काढून टाकणं किंवा दोन पिनच्या एक्स्टेंशनमध्ये लावणं हा उपाय नव्हे. पीसी आणण्यापूर्वी इलेक्ट्रिशियन बोलवा, सॉकेट तपासून घ्या.

यूपीएसवरचा 'व्हीए'चा आकडा वॅट समजू नका. बाजारात मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. वरचं मशिन आणि मॉनिटर त्यात कसंबसं बसतं, आणि तेही गेम सेव्ह करून नीट बंद करण्याइतका वेळ. लाइट गेल्यावर सामना पुरा करायचा असेल तर १००० व्हीएच्या पुढे जावं लागेल. काही एसएमपीएसचं स्वस्त यूपीएसच्या पायरी-पायरीच्या वेव्हशी जमत नाही. बॅटरीवर जाताच पीसी बंद पडतो. म्हणून यूपीएस घेताना बदलून मिळेल ना, ते बिलावर लिहून घ्या.

## पायरी ५: प्रोसेसर

आता कुठे प्रोसेसर. कार्ड ठरलं असेल तर ही निवड दहा मिनिटांची आहे.

सहा कोअर, बारा थ्रेड हे लक्ष्य ठेवा. एएमडीचा रायझन फाइव्ह ५६०० किंवा इंटेलचा आय-फाइव्ह १२४००एफ. फारच ओढाताण असेल तर चार कोअरचा आय-थ्री १२१००एफ हलक्या गेमना पुरतो. ५६०० च्या शेजारी ५५०० स्वस्तात दिसेल: कोअर तेवढेच, पण त्यात एल-३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आणि पीसीआय-ई ४.० ऐवजी ३.०. फरक अगदी थोड्या रुपयांचा असेल तर ५६०० घ्या.

इंटेलच्या नावाच्या शेवटी 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही. कार्डाशिवाय पडदा काळाच राहणार. एएमडीच्या ५६०० लाही ग्राफिक्स नाही, नावात 'एफ' नसला तरी. कार्ड बिघडून वॉरंटीला गेलं तर पीसी पूर्ण बंद, हे माहीत असू द्या.

नव्या एएम ५ सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची जागा) जावं का? रायझन फाइव्ह ७६०० सरस आहे आणि पुढे प्रोसेसर बदलायला वाव राहतो, पण एएम ५ ला डीडीआर ५ रॅमच लागते. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमच्या किमती अशा चढल्या की आधी केलेले सगळे हिशोब कोलमडले. म्हणून खरेदीच्या आठवड्यात प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम या तिघांची बेरीज एएम ४ (५६०० चं सॉकेट) आणि एएम ५ दोन्हींकडे करून बघा. एएम ५ मुळे कार्ड एक पायरी खाली उतरत असेल तर एएम ४ वरच थांबा.

इशारा: 'आय-सेव्हन, १६ जीबी, गेमिंग पीसी फक्त १५ हजार' अशा जाहिरातीत पिढी विचारा. आय-सेव्हन २६०० हा २०११ चा, ३७७० हा २०१२ चा. दोन्ही चार कोअरचे, दोन्हींना विंडोज ११ चा अधिकृत आधार नाही, आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशिनमधल्या सुरक्षेच्या सोयी) लागतं. तिथेच गाडी अडणार. अशा मशिनमध्ये बोर्ड 'नवीन' असला तरी सॉकेट तोच जुना असतो.

बॉक्स की ट्रे, हेही विचारा. ट्रे म्हणजे खोक्याशिवायचा प्रोसेसर. थोडा स्वस्त, पण कूलर नाही आणि वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. ५६०० आणि १२४००एफ दोन्हींच्या बॉक्समध्ये कूलर येतो आणि या कामाला तो पुरतो. वेगळा कूलर नंतर कधीही घेता येईल.

## पायरी ६: मदरबोर्ड

बोर्डामुळे एफपीएस वाढत नाहीत, म्हणून इथे हौस करायची नाही. फक्त चार प्रश्न.

सॉकेट जुळतं का? ५६०० ला एएम ४, १२४००एफ ला एलजीए १७००.

रॅम कोणती? इंटेलच्या एच ६१० आणि बी ७६० मध्ये डीडीआर ४ चे बोर्ड वेगळे आणि डीडीआर ५ चे वेगळे. नावात बहुधा 'डी ४' असं लिहिलेलं असतं. रॅम एका जातीची आणि बोर्ड दुसऱ्या जातीचा आला तर पट्टी खाचेत बसतच नाही. तरी काही जण दाबून बघतात.

बायोस कोणता? बी ४५० सारख्या जुन्या चिपसेटचा बोर्ड ५००० मालिकेच्या प्रोसेसरसोबत घेत असाल तर बायोस अपडेट करून द्यायला दुकानातच सांगा, आणि तुमच्यासमोर सुरू करून घ्या. बी ५५० घेतला तर ही कटकट बहुधा नाही, शिवाय पीसीआय-ई ४.० मिळतं.

वायफाय आहे का? स्वस्त बोर्डांत नसतं. राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर लांब लॅन केबल किंवा यूएसबी डोंगल यांपैकी एकाचे पैसे आत्ताच धरा. ऑनलाइन गेमसाठी मी केबलच ओढेन, भिंतीवरून दिसली तरी चालेल.

## पायरी ७: रॅम आणि एसएसडी

१६ जीबी, आणि ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत. १६ ची एकच पट्टी 'नंतर दुसरी टाकू' म्हणून घेतली जाते, ती दुसरी पट्टी येतच नाही आणि मशिन अर्ध्या रुंदीच्या रस्त्यावर चालत राहतं. डीडीआर ४ असेल तर ३२०० चा वेग. दोन्ही पट्ट्या एकाच किटमधल्या घ्या. ३२ जीबीची हाव आता नको.

एसएसडी एनव्हीएमई (पीसीआय-ई वरून चालणारी, वेगवान) असावी आणि शक्यतो १ टीबी. ५०० जीबीत विंडोज आणि दोन-तीन मोठे गेम बसले की जागा संपते. १०० जीबीच्या पुढचे गेम आता नवलाचे राहिले नाहीत. 'एम.२' हा फक्त आकार आहे. त्याच आकारात साटाची (जुन्या, संथ जोडणीची) एसएसडीही येते, जिची धाव सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबते, पीसीआय-ई ३.० ची एनव्हीएमई साडेतीन हजारांपर्यंत जाते. गेममध्ये एवढा फरक जाणवणार नाही, पण किंमत सारखीच असताना कमी का घ्यायचं? अनोळखी ब्रँडची '२ टीबी' भलत्याच स्वस्तात दिसली तर आत तेवढी जागा नसण्याची शक्यता धरूनच चला.

## पायरी ८: कॅबिनेट, अगदी शेवटी

समोर जाळी, आत दोन पंखे हवा घेणारे, एक मागे हवा टाकणारा. कार्डाची लांबी आणि कॅबिनेटची मर्यादा जुळवा. झालं.

समोरून बंद काच आणि तिच्यामागे तीन रंगीत पंखे असलेली कॅबिनेटं फोटोत छान दिसतात, पण पंख्यांना हवा ओढायला जागाच नसते. पंखा कितीही असला तरी पार्ट खोलीतल्या हवेपेक्षा थंड होत नाही. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते, तिथे ही काच महागात पडते. जाळीतून धूळ जास्त येते हे खरं. म्हणून निघणारा फिल्टर बघून घ्या आणि महिन्यातून एकदा झटका.

## पायरी ९: कोटेशन आणि खरेदी

आता कागद घेऊन बाहेर पडा. मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, नाहीतर आपल्या गावातलं दुकान. तीन ठिकाणी तोच कागद दाखवून लेखी कोटेशन घ्या आणि ऑनलाइन किमतींशी ताडून बघा. प्रत्येक ओळीत कंपनी आणि पूर्ण मॉडेल हवं. 'बी ५५० बोर्ड', '५५० वॅट एसएमपीएस', '१ टीबी एसएसडी' अशा ओळी परत पाठवा.

गावातलं दुकान हजार-दोन हजारांनी महाग असेल आणि माणूस भरवशाचा असेल तर मी तिथेच घेईन. काही बिघडलं तर तालुक्याहून मुंबईला पार्ट पाठवण्याचा खर्च आणि मनस्ताप त्याहून मोठा.

'दादा, तो माल आज नाही, त्याच्याहून भारी देतो' हे वाक्य हमखास ऐकू येईल. अशा वेळी सही न करता कागद खिशात घाला आणि चहा घेऊन या. माझ्या पहिल्या पीसीच्या वेळी मी 'हो' म्हणालो होतो. घरी येऊन कॅबिनेट उघडलं तर कोटेशनमधल्या एसएमपीएसच्या जागी नाव न ऐकलेला, हातात हलका लागणारा डबा. बिलावर फक्त 'एसएमपीएस १ नग' लिहिलेलं. भांडायला काही हातात नव्हतं. आठ महिन्यांत तो गेला, जाताना बोर्ड घेऊन गेला.

पैसे देण्यापूर्वी तपासा:
- जीएसटी बिल, त्यावर प्रत्येक पार्टाचं मॉडेल आणि सीरियल नंबर. 'बिल नको असेल तर कमी करतो' याला नकार. वॉरंटीच्या वेळी तोच कागद लागतो.
- खोक्यावरचा आणि पार्टावरचा सीरियल नंबर एकच आहे का. सील तुमच्यासमोर तोडलं का.
- सगळी खोकी सोबत घेतली का, अगदी बोर्डाच्या खोक्यातल्या स्क्रूच्या पिशवीसकट.
- पीसी जोडल्यावर तिथेच सुरू करून दाखवला का.

ऑनलाइन मागवलं तर पार्सल फोडण्याचा व्हिडिओ एका सलग शॉटमध्ये, लेबलपासून सुरू करून काढा. मध्ये तोडलेला व्हिडिओ दाखवून बदली मागणं अवघड जातं. आणि सगळे पार्ट एकाच आठवड्यात येतील असं बघा. एसएमपीएस महिनाभर आधी येऊन पडला तर तो चालतो की नाही हे कळेपर्यंत परत करण्याची मुदत संपलेली असते.

## पायरी १०: घरी, पहिल्या संध्याकाळी

पीसी सुरू झाला म्हणजे काम झालं असं धरून बसू नका. अनेकांचा पीसी वर्षभर अर्ध्या ताकदीवर चालतो आणि त्यांना पत्ता नसतो.

१. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावली का? मागे वरच्या बाजूला बोर्डाचं एचडीएमआय असतं आणि सवयीने हात तिथेच जातो. कार्डाचं पोर्ट खाली, आडव्या पट्टीत. ५६००जी सारखा प्रोसेसर असेल तर चुकीच्या जागीही चित्र दिसतं, म्हणून ही चूक लपते.

२. रॅमच्या पट्ट्या बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचांत आहेत का? चार खाचा असतील तर साधारणपणे प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी.

३. बायोसमध्ये एक्सएमपी सुरू करा. एएमडीच्या काही बोर्डांत त्यालाच डीओसीपी म्हणतात, डीडीआर ५ मध्ये एक्स्पो. ते बंद असेल तर ३२०० ची रॅम २१३३, २४०० किंवा २६६६ वर रेंगाळते. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर वेग दिसतो.

४. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा आणि हर्ट्झ बदला. १४४ चा मॉनिटर घेऊन ६० वर खेळणारे मी मोजायचं सोडून दिलंय.

५. कार्डाचा ड्रायव्हर बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाचं काही उतरवू नका.

६. यादीतला सगळ्यात जड गेम अर्धा तास चालवा आणि तापमान बघा. कार्ड ८५ अंशांच्या वर स्थिरावत असेल किंवा प्रोसेसर ९० पार करत असेल तर आधी पंख्यांची दिशा तपासा. मग कूलरखालचं प्लास्टिकचं पातळ कव्हर काढलंय ना, ते बघा. हसू नका, ते राहतं.

७. शेवटी जीपीयू-झेड उघडा आणि मॉडेल, शेडर, मेमरी कागदाशी जुळवा. बसच्या रकान्यात आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० साठी '८ लेन' दिसल्या तर घाबरून दुकानात फोन करू नका, ही कार्डं आठ लेनचीच आहेत. शेजारी '१.१' असा वेग दिसला तर तोही कार्ड निवांत असल्यामुळे. प्रश्नचिन्हाचं बटण दाबून चाचणी सुरू केली की आकडा वर जातो. चाचणी सुरू असतानाही तो १.१ वरच राहिला, तर पीसी बंद करा, प्लग काढा आणि कार्ड काढून पुन्हा नीट बसवा, क्लिप 'टक' वाजेपर्यंत. तरीही बदल नसेल तर बिल आणि कार्डाचं खोकं घेऊन दुसऱ्याच दिवशी दुकानात जा.